पेल्याची पारख आणि पानाची पारख

नाशिक शहराची ख्याती जशी गोदावरीच्या घाटांमुळे आणि देवालयांमुळे आहे, तशीच ती तांब्यापितळेच्या भांड्यांमुळेही आहे. तांबट आळीतील ठोक्यांचा नाद ऐकत कित्येक पिढ्यांच्या यात्रेकरूंनी येथून गंगाजळ नेण्यासाठी गडू घेतले, देवपूजेसाठी ताम्हण-पळी घेतली. जुन्या आचारधर्मात ह्या भांड्यांना मोठा मान होता; कारण धातूचे भांडे विटाळले तरी चिंचेने किंवा राखेने घासून पुन्हा शुद्ध करून घेता येते. मातीचे भांडे विटाळले तर ते फोडून टाकावे लागते. चिनी मातीचा पेला ह्या दोहोंच्या मधोमध अडकला. तो फेकून द्यावा तर महाग, आणि धुऊन ठेवावा तर शुद्ध झाला असे सोवळ्या मनाला पटेना. ही गोष्ट ऐकावयास क्षुल्लक वाटेल. परंतु महाराष्ट्रात चहाच्या चवीची पारख इतक्या उशिरा का सुरू झाली, ह्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर तिच्यात आहे. चहाची खरी पारख पांढऱ्या चिनी मातीच्या पेल्यातच होते, आणि नेमक्या त्याच पेल्याशी ह्या समाजाचे कित्येक वर्षे भांडण चालू होते.

प्रथम पानाची पारख म्हणजे काय ते पाहू. हिरवा चहा, काळा चहा आणि त्यांच्या दरम्यानचा ऊलाँग चहा हे तीनही प्रकार एकाच जातीच्या झाडापासून होतात. युरोपातील विद्वान लोकही एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हिरव्या व काळ्या चहाची झाडे निराळी समजत असत. रॉबर्ट फॉर्च्यून ह्या स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने चीनमध्ये हिंडून खरा प्रकार पाहिला, तेव्हा हा गैरसमज दूर झाला. पान खुडल्यावर ते लगेच तापविले तर त्याचा हिरवेपणा टिकतो. ते सुकवून, मळून काही वेळ हवेवर ठेवले तर हवेच्या संयोगाने तांबूस होते व पुढे वाळविल्यावर काळे दिसते. हीच क्रिया अर्ध्यावर थांबविली म्हणजे ऊलाँग होतो. म्हणजे पानाचा गुण जितका झाडात, तितकाच तो माणसाच्या हातात आणि घड्याळात असतो.

ह्याशिवाय भूमीचा गुण निराळा. आसामच्या सखल, उष्ण व दमट प्रदेशातील रुंद पानाचा चहा रंगाने गडद, चवीने भरदार असतो. तो दूध सोसतो. दार्जिलिंगच्या उतारांवर मुख्यत्वे चिनी जातीची लहान पानाची झाडे लावली गेली. त्यांचा चहा फिका दिसतो, परंतु त्याचा सुवास असा की दूध घातले तर तो बुजून जातो. मे-जून महिन्यांतील दुसऱ्या खुडणीच्या दार्जिलिंग चहाला 'मस्कटेल' म्हणतात, ते मस्कट नावाच्या सुवासिक द्राक्षावरून. द्राक्षांच्या मुलखात राहणाऱ्या नाशिककरांना ही उपमा समजावून सांगण्याचे कारण नाही. निलगिरीचा चहा ह्या दोहोंहून वेगळा, स्वच्छ रंगाचा व हलक्या चवीचा असतो.

हे भेद नुसत्या आठवणीवर ओळखता येत नाहीत. चहा शेजारी शेजारी ठेवूनच ते कळतात. त्यासाठी पारख्यांनी जी रीत घालून दिली ती मोठी काटेकोर आहे. जितके नमुने तितकी झाकणाची लहान भांडी आणि तितकेच पांढरे पेले एका ओळीत मांडतात. जुने इंग्रज पारखी तराजूच्या एका पारड्यात सहा पेनीचे चांदीचे नाणे टाकून तेवढ्या वजनाचा चहा प्रत्येक भांड्यात घालीत. ते वजन तीन ग्रॅमला किंचित कमी भरते. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९८० साली ही रीत लिहून काढली, तीत शंभर मिलिलिटर पाण्यास दोन ग्रॅम चहा आणि सहा मिनिटांचा मुराव असे प्रमाण ठरविले आहे. सर्व भांड्यांत एकच पाणी, एकाच उकळीचे आणि एकाच वेळी ओतावयाचे. मग अर्क पेल्यात गाळून भिजलेला चोथा झाकणावर उलटा काढून ठेवतात. पारखी आधी सुकी पत्ती पाहतो, मग ओला चोथा पाहून हुंगतो, मग अर्काचा रंग पाहतो, आणि शेवटी चमचाभर अर्क मोठ्याने सुर्रकन ओढून जिभेवर पसरतो. हा आवाज शिष्टाचारात बसत नाही. पण हवेबरोबर अर्क आत ओढल्याखेरीज त्याचा सुवास नाकापर्यंत पोचत नाही. चव कळली की तो घोट थुंकून टाकून पारखी पुढच्या पेल्याकडे वळतो. एका दिवसात असे शेकडो पेले होतात.

पेला पांढरा का, तर रंगातील सूक्ष्म फरक पांढऱ्या पार्श्वभूमीवरच दिसतो. तो चिनी मातीचा का, तर चकाकीच्या लेपामुळे त्याला स्वतःचा वास वा चव नसते. धातूचे तसे नाही. कल्हई उडालेल्या पितळेची चव पदार्थात उतरते हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. आणि चहातील तुरट द्रव्याचा लोखंडाशी संबंध आला तर रंगच काळवंडतो. पाण्याचीही तीच गोष्ट. जड पाण्यात चहाचा रंग गढूळ होतो आणि वर तवंग धरतो; म्हणून लिप्टनसारखे व्यापारी निरनिराळ्या गावांच्या पाण्याला मानवतील अशी निरनिराळी मिश्रणे विकावयास काढीत.

ह्या सर्व विधीत आणखी एक गोष्ट आहे, आणि जुन्या महाराष्ट्रीय दृष्टीला तीच प्रथम दिसली असती. पारखी तोंडात घातलेला चमचाच पुढच्या पेल्यात बुडवितो, आणि त्याच ओळीतील पेले त्याच्या मागून दुसरा पारखी चाखतो. आपल्या भाषेत ज्याला 'उष्टे' म्हणतात, त्यावरच पारखीचे हे सारे शास्त्र उभे आहे.

आसामचा पहिला चहा, अवघ्या आठ पेट्या, १८३९ च्या जानेवारीत लंडनच्या लिलावात विकला गेला. १८६१ च्या डिसेंबरात कलकत्त्यास चहाचे लिलाव सुरू झाले. म्हणजे हिंदुस्थानच्या भूमीवर पारख्यांच्या पेल्यांच्या ओळी मांडल्या जाऊ लागल्या, त्यास दीडशेहून अधिक वर्षे झाली. परंतु त्या ओळींत उत्तम ठरलेला चहा बहुतेक परदेशी जाई. महाराष्ट्रातील शहरांत चहा आला तो पांढरपेशा घरांतून, सरकारी नोकरांच्या ओळखीने व औषधाच्या निमित्ताने, थोडा थोडा. सुकी पत्ती वाण्याकडून घेण्यास कोणाची हरकत नव्हती, कारण कोरड्या शिध्याला स्पर्शाचा दोष सहसा लागत नाही असा आचार होता. धान्य कोणी पिकविले हे जसे विचारावयाचे नसे, तसेच चहाचे पान कोणी खुडले हेही कोणी विचारले नाही. ती पाने खुडणारे हात छोटानागपूर व त्याच्या आसपासच्या मुलखांतून करार लिहून घेऊन आसामात नेलेल्या संथाळ, उराव, मुंडा स्त्रीपुरुषांचे होते. मळ्यांतील त्यांचे हाल हा स्वतंत्र व दुःखद इतिहास आहे. पान कोरडे होते तोवर ह्या हातांची आठवण कोणास झाली नाही. पानावर पाणी पडले की मात्र प्रश्न उठे, आणि तो चवीचा नसे. पाणी कोणाचे आणि पेला कोणाचा, हा असे.

हा प्रश्न किती टोकास जाऊ शकतो हे १८९० साली पुण्यास दिसले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने पुण्यातील प्रतिष्ठित मंडळी जमली होती. माधवराव रानडे तेथे होते, बाळ गंगाधर टिळकही होते. व्याख्यानानंतर पाहुण्यांपुढे चहा आणि बिस्किटे आली. कोणी चहा प्यायले, कोणी पेला नुसता हाती घेऊन खाली ठेवला. ह्या सर्व प्रकारामागे गोपाळराव जोशी होते. ते डॉक्टर आनंदीबाई जोशी ह्यांचे पती, स्वभावाने विक्षिप्त, आणि सुधारकांचे बोलणे व वागणे ह्यांतील अंतर चव्हाट्यावर आणण्यात आनंद मानणारे होते. त्यांनी उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापविली. सनातनी मंडळींनी प्रकरण शंकराचार्यांपर्यंत नेले, चौकशी बसली, ग्रामण्य झाले, आणि अखेर प्रायश्चित्ताची भाषा सुरू झाली. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी पुढे आपल्या स्नेह्यांची अडचण दूर व्हावी म्हणून प्रायश्चित्त घेतले. त्यांच्या पत्नी रमाबाई ह्यांनी आपल्या आठवणींत ह्या प्रसंगाविषयी लिहिले आहे, आणि पतीच्या ह्या निर्णयाचे घरात किती शल्य होते तेही त्यांच्या लिहिण्यातून कळते.

ह्या ग्रामण्यात कितीतरी शास्त्रार्थ झाला, वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरले. पण त्या दिवशी मिशनमधील चहा कसा होता, आसामचा होता की चीनचा, मुरलेला होता की पाणचट, ह्याची चर्चा त्या वादात कोठे नव्हती. देशातील मोठमोठी बुद्धिमान माणसे एका पेल्याभोवती दोन वर्षे भांडली, आणि पेल्यात काय होते हा प्रश्नच राहून गेला. चवीची पारख करावयाची तर मनाला थोडा निश्चिंतपणा लागतो. पेला ओठाला लावताना ज्याला आपण जातीत राहू की बाहेर पडू अशी चिंता आहे, त्याची जीभ सुवास काय शोधणार?

पुढे रेल्वेने चहा गावोगाव नेला. थळ घाटातून लोहमार्ग वर चढल्यावर मुंबईचा माल नाशिकच्या स्टेशनावर सहज येऊ लागला, आणि दर बारा वर्षांच्या सिंहस्थात ह्याच मार्गाने लाखो यात्रेकरू आले. परंतु रेल्वेच्या डब्यात जी माणसे नाइलाजाने एकमेकांना खेटून बसत, त्यांच्यासाठी मोठ्या स्टेशनांच्या फलाटांवर 'हिंदू चहा' आणि 'मुसलमान चहा' अशा दोन हाका निघत. दोन्हींचे पान एकच आणि बहुधा मळाही एकच असे. निराळेपणा होता तो ओतणाऱ्याच्या हातात.

इकडे मळेवाल्यांना देशातील गिऱ्हाईक हवे होते. निर्यात होणाऱ्या चहावर १९०३ च्या कायद्याने कर बसविण्यात आला आणि त्या पैशातून चहाचा प्रसार सुरू झाला. पुढे १९३० नंतरच्या मंदीत परदेशी भाव कोसळले, तेव्हा हा प्रसार देशातच जोराने होऊ लागला. प्रचारक शहरांतून घरोघर जाऊन चहा करून दाखवीत, फुकट पेले वाटीत. रेल्वे स्टेशनांवर देशी भाषांतील तकतकीत लोखंडी पाट्या लागल्या. पाणी ताजे घ्यावे, किटली आधी गरम करून घ्यावी, माणशी एक चमचा पत्ती घालावी, पाच मिनिटे मुरू द्यावे, दूध व साखर मागाहून घालावी, असा त्यांचा उपदेश असे. बारकाईने पाहिले तर ही पारख्याच्याच रीतीची घरगुती आवृत्ती होती.

लोकांनी पाटी वाचली, चहा घेतला, आणि केले आपल्याच मनासारखे. पत्ती, दूध, साखर, आले, वेलदोडा असे सर्व एका पातेल्यात घालून उकळी आणण्याची रीत रूढ झाली. ह्याला कारणे होती. गिऱ्हाइकाच्या वाट्यास येणारा चहा बहुधा चुऱ्याचा, अल्पमोली. त्यात सुवास नव्हता, तो वेलदोड्याने भरून काढावा लागे. शिवाय उकळलेल्या दुधाला मानही अधिक आणि पोषणही अधिक. पुण्यात विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात राजस्थानातून आलेल्या श्रीमाळी ब्राह्मणांनी पितळी पातेल्यांतून असा चहा करून विकण्यास आरंभ केला आणि त्याला 'अमृततुल्य' हे नाव मिळाले. चहा उत्तम असे ह्यात शंका नाही. तथापि करणारा ब्राह्मण आणि भांडे पितळेचे, ह्या दोन गोष्टींनी कित्येक सोवळ्या मनांची समजूत पटविली हेही नाकारता येत नाही. त्या काळी दुकानांवर 'हिंदू हॉटेल', 'ब्राह्मणी उपाहारगृह' असे फलक लावले जात, ते चव सांगण्यासाठी नव्हते. आत कोणाचा हात आहे, हे रस्त्यावरूनच कळावे म्हणून ते होते.

ह्याच फलकाला उलटा अर्थ देण्याचे काम कोल्हापुरात झाले. गंगाराम कांबळे हे छत्रपती शाहू महाराजांच्या पागेत नोकर होते. पाण्याला स्पर्श केला म्हणून इतर नोकरांनी त्यांना मारहाण केली. महाराजांना हे कळले तेव्हा त्यांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामांना चहाचे दुकान काढण्यास साहाय्य केले. दुकानाचे नाव 'सत्यसुधारक हॉटेल'. अस्पृश्य मानलेल्या माणसाच्या हातचा चहा पिण्यास गिऱ्हाईक येणार कोठून? मग महाराज स्वतः आपली गाडी त्या दुकानापुढे उभी करीत, चहा मागवून पीत, आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही पाजीत. राजाच पेला रिकामा करतो म्हटल्यावर दरबारी मंडळींना नाही म्हणता येईना. पंचहौदच्या चहात विद्वानांची फजिती झाली होती. येथे एका राजाने जाणूनबुजून तोच पेला रस्त्यावर, सर्वांच्या देखत उचलला. शाहू महाराज १९२२ साली वारले. त्यांच्या सुधारणांत शिक्षणाचे व वसतिगृहांचे काम मोठे खरे, पण हा चहाचा पेला लोकांच्या स्मरणात त्यांच्याइतकाच टिकला.

नाशिकच्या वाट्याला ह्या झगड्याचे कठीण पर्व आले. २ मार्च १९३० रोजी डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड व त्यांचे सहकारी पाच वर्षे झटले, मार खाल्ला, तुरुंगात गेले. मंदिराचे दार त्या सत्याग्रहाने उघडले नाही. १९३५ च्या ऑक्टोबरात ह्याच जिल्ह्यातील येवल्यास आंबेडकरांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली. देवळाचे दार आणि चहाचा पेला ह्यांचे नाते दूरचे वाटेल, पण तसे ते नाही. ज्यांना देवळात प्रवेश नव्हता त्यांच्यासाठी खेड्यांतील चहाच्या दुकानांबाहेर वेगळी कपबशी ठेवलेली असे. ती त्यांनीच धुवावयाची, त्यांनीच पुन्हा जागेवर ठेवावयाची. चहाला पैसे सर्वांइतकेच पडत. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली, आणि दुकाने, उपाहारगृहे व हॉटेले ह्यांत जात वा धर्म पाहून कोणास मज्जाव करता येणार नाही असे स्पष्ट शब्दांत लिहिले. १९५५ साली त्यासाठी शिक्षेचा कायदा झाला. देशाच्या सर्वोच्च कायद्यात उपाहारगृहाचा उल्लेख का करावा लागला, हे ती बाहेर ठेवलेली कपबशी आठवल्यावाचून कळत नाही. आणि कायद्यानंतरही ती कपबशी कित्येक गावांतून लवकर गेली नाही, हेही तितकेच खरे.

चहाच्या व्यापारात 'मिश्रण' हा शब्द मानाचा आहे. एका मळ्याचा चहा वर्षभर एकसारखा नसतो. म्हणून पारखी एकाचा रंग, दुसऱ्याचा सुवास, तिसऱ्याचा भरदारपणा घेऊन त्यांचा मेळ घालतो. गिऱ्हाइकाच्या डब्यात येते ते बहुतेक असे मिश्रणच. ह्या शब्दाचा सर्वात सुंदर उपयोग मात्र कोणा व्यापाऱ्याने केलेला नाही. १९४५–४६ च्या सुमारास दिल्लीच्या लाल किल्ल्यात आझाद हिंद फौजेचे सैनिक कैदेत होते. तेथे त्यांना सकाळी 'हिंदू चहा' आणि 'मुसलमान चहा' वेगवेगळा देण्यात येई. गांधीजी भेटीस गेले तेव्हा कैद्यांनी त्यांना ही तक्रार सांगितली. मग तुम्ही काय करता, असे त्यांनी विचारले. कैदी म्हणाले, आम्ही दोन्ही चहा एकत्र ओततो आणि निम्मानिम्मा वाटून पितो.

हे सर्व होऊन गेल्यावर पानाची पारख करण्यास मराठी घरे आता मोकळी झाली आहेत. नाशिकमध्ये द्राक्षापासून वाइन होऊ लागल्यापासून पेले शेजारी मांडून रंग, वास व चव ताडून पाहण्याची कल्पना येथे नवी राहिलेली नाही. चहाला ती सहज लागू होते, आणि तिला खर्चही थोडा येतो. आसाम, दार्जिलिंग व निलगिरी ह्या तीन मुलखांची थोडी थोडी सुटी पत्ती, तीन सारखे पांढरे पेले, एक लहान काटा आणि एक घड्याळ एवढे साहित्य पुरे. पत्ती दोन-दोन ग्रॅम तोलावी, पाणी एकाच किटलीतून ओतावे, प्रथम दुधासाखरेवाचून चाखावे. मग आसामच्या पेल्यात थोडे दूध घालून तो कसा खुलतो ते पाहावे, आणि दार्जिलिंगच्या पेल्यात तेवढेच दूध घालून तो कसा हरवतो तेही पाहावे. आल्यावेलदोड्याच्या उकळत्या चहावर ह्यामुळे प्रेम कमी होण्याचे कारण नाही. उलट त्या पातेल्यात कोणती पत्ती शोभते हे त्यानंतरच कळेल.

अशा वेळी घरातील चार माणसे एकाच ओळीतील पेले चाखतात, कोणाचा चमचा कोणत्या पेल्यात गेला ह्याचा हिशोब राहत नाही, आणि वाद होतो तो कोणता चहा अधिक तुरट आणि कोणता अधिक सुवासिक एवढाच. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी पुण्यातील विद्वानांना जो वाद करण्याची मोकळीक मिळाली नाही, तो हा.